अप्पा मागं बसले नाहीत

मंगळवार, १६ एप्रिल १९७४

फटफटीचा मागचा टायर बदलला एकदाचा. जुना पार गोटा झाला होता, हात फिरवला तर तव्याची पाठ. दोन महिने दाजी रोज सकाळी त्याच्यावर अंगठा फिरवून म्हणायचे, "निघंल आजून एक बाजार." एकेक बाजार करत उन्हाळा आला. नव्याचा भाव ऐकून अक्कानं पदर तोंडाला लावला. "येवढ्यात म्हस येती की रं." येवढ्यात म्हैस येत नाही, पण महाग काही असलं की ती म्हशीवरच येते. दाजी चादरीत मोजतात. दिवाळीला एका टायराला जेवढ्या चादरी विकाव्या लागायच्या त्याच्या आता दुप्पट. एवढं करून टायर मिळेलच असं नाही. माल येतच नाही म्हणतात.

दाजी विणकराकडे चादरी घ्यायला थांबले, मला एकट्याला टायरवाल्या अप्पांच्या दुकानी पाठवलं. अप्पांनी चाक काढलं, टायर चढवला, हवा भरली, व्हॉल्व्हच्या नटावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. साबणानं हात धुतले. तेवढ्यात आतून शिवानं कानडीत काहीतरी विचारलं. (शिवा म्हणजे अप्पांचा मुलगा. आता गल्ल्यावर तोच असतो.) अप्पा आत गेले. मी फटफटी चालू करून उभा. अप्पांनी आतूनच हात हलवला. जा, जा.

निघालो. बाजारात एक जण पिंजऱ्यातल्या पोपटाला तेलुगूत शिव्या शिकवत होता. पोपट ऐकत होता, बोलत नव्हता. गर्दी हसून लोळत होती. ऊन होईपर्यंत तिथंच.

कुंभारीला घरी आल्यावर दाजींनी विचारलं, "अप्पा बसलं हुतं की?" मी पोपटाचं सांगायच्या घाईत. म्हणालो, "व्हय."


गुरुवार, १८ एप्रिल

आज मंद्रूपला जाताना अर्ध्या वाटेत आठवलं. अप्पा बसलेच नाहीत.

चालवता चालवता वाकून मागचं चाक बघितलं. 

अप्पांचं असं आहे की नेहमीच्या गिऱ्हाइकाला टायर बसवला की स्वतः मागं बसतात. जकात नाक्यापर्यंत जायचं आणि परत. धोतर वर खोचलेलं, एक हात टोपीवर, तोंडात पान. वाटेत बडबड चालूच. ही पिंपरण बघ, तिच्याखाली माझं लग्न ठरलं. ह्या विहिरीत माझा चुलता पडला, पवून वर आला आन् पुन्हा पडला. परत आलं की उतरून सीटवर दोन थापा मारतात. मग टायर आपला. पावती नाही, कागद नाही. बसलेला माणूस जिता परत आला हीच पावती.

दाजी त्यांच्याशिवाय कुणाकडं जात नाहीत त्याला कारण आहे. दोन वर्षांमागं दुष्काळात दाजींचा टायर फुटला, गावात एक टायर नव्हता. अप्पांनी स्वतःच्या गाडीचा काढून दिला. ती गाडी नंतर उभ्याउभ्या गंजली, विकली. तेव्हापासून अप्पा चालत दुकानी येतात. दाजी हे सांगताना दर वेळी नाक शिंकरतात.

म्हणून फ.फ. वर (फटफटी एवढं लिहीत नाही आता, बोटं दुखतात) दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. पंक्चरसुद्धा अप्पांकडे. नट दुसऱ्यानं फिरवला की ठिपका तुटतो, मग अप्पा गिऱ्हाईक सोडतात. भांडत नाहीत. पाणी देतात प्यायला आणि टायर नाही म्हणतात. ह्या दिवसांत ते म्हणजे धंदा बंद.

आता दाजींना काय सांगू? परवा खोटं का बोललास, इथून सुरू होणार. मी खोटं बोललो नव्हतो, लक्ष नव्हतं. पण ते माझं नेहमीचंच, त्याला कोण धरतो.

मंद्रूपहून येताना हळू आलो. दाजी मागून म्हणाले, "वरात हाय का?"


रविवार, २१ एप्रिल

अक्कानं आज भाकरी थापता थापता सांगितलं. वेळापूरला पोरगी आहे. सातवी पास, शिवणकाम येतं. पुढच्या महिन्यात बघायला जायचं. मी, अक्का, दाजी. फ.फ. वरून.

"एस.टी. नं जाऊ की," मी म्हणालो.

दाजी म्हणाले, "एस.टी. नं गेल्यावर घामानं भिजलेलं तीन गाठुडं उतरत्यात. गाडीवरनं गेलं की पोरीचा बाप दारात येतो." वर वाटेत मोहोळ-पंढरपूरला दहावीस चादरी जातील तेवढ्या जातील.

म्हणजे तिघं, आणि चादरींचा गठ्ठा. सगळं वजन मागच्या चाकावर. आणि वेळापूर काय जवळ आहे?

पोरीचं नाव विचारायचं राहून गेलं.

मी आठवी नापास. हुबळीला हॉटेलात होतो, मिरजेहून ट्रकवर क्लीनर होतो, एक महिना तंबूच्या थिएटरात पडदा बांधायला होतो, तिथून पळालो. दाजींच्या डाव्या हाताची दोन बोटं यंत्रमागात गेली, क्लच दाबता येत नाही, म्हणून मी चालवतो, म्हणून इथं टिकलो. कुणी विचारलं तर सांगण्यासारखं एवढंच. अक्का म्हणते, "आन् सभाव चांगला हाय." हे ती कुणालाही सांगते. मागं आमच्या रेड्याबद्दलही सांगत होती.


मंगळवार, २३ एप्रिल

दाजी अंघोळीला गेल्यावर फ.फ. स्टँडवर घेतली आणि मागचं चाक हातानं फिरवलं. टायर दिसायला काळाकुट्ट, नवा. खाचा खोल. पण खाचा सगळ्या एकसारख्या नाहीत. एका जागी खाच थोडी वाकडी गेली आहे, कापताना हात हलल्यासारखी.

ट्रकवर होतो तेव्हा बघितलं आहे. गोटा टायर घेतात, तापल्या पात्यानं त्याच्यात नव्या खाचा कोरतात, वरून काळं फासतात. बाहेरून नवी नवरी. आत रबर पापडाएवढं. असा टायर थंडीत चालतो, पावसाळ्यात चालतो. उन्हाळ्यात भरल्या वजनावर...

आगकाडी खाचेत घालून बघितली. गुल बुडाला. गुल बुडाला म्हणजे चांगलं का वाईट ते मला माहीत नाही. नव्या टायरात किती बुडतो ते बघितलंच नाही कधी.

मग वाकड्या खाचेत पांढरा दोरा दिसला. बारीक, केसाएवढा.

टायरच्या पोटात दोऱ्याचं कापड असतं. तो दोरा दिसला म्हणजे रबर संपलं. पण आमच्या घरात दोरा कुठं नसतो? भाकरीत निघतो, दाजींच्या भुवईत निघतो. कॅरिअरवर जन्मभर चादरी. नखानं ओढला. थोडा आला आणि तुटला. राहिलेला आतच. चिकटलेला का विणलेला, समजलं नाही.

दाजी बाहेर आले, "काय करतुयास?"

"खडा अडकला हुता."


शुक्रवार, २६ एप्रिल

हुसेनचाचांकडे गेलो. एस.टी. स्टँडच्या भिंतीला त्यांचं पंक्चरचं दुकान, म्हणजे एक पाण्याचं घमेलं आणि एक खाट. मिरजेच्या ट्रकवर होतो तेव्हापासून ओळख.

म्हणालो, चाचा, एवढा टायर खोलून आतून बघा. ठिगळ आहे का, काही आहे का.

चाचा वाकले, ठिपका बघितला आणि दोन्ही हात मागं घेतले, तवा तापलेला असल्यासारखे. "अप्पा का टपका है. मैं हात नै लगाता बाबा."

"बाहेरून तरी बघा."

अंगठ्यानं दाबलं, वास घेतला, कडेला टिचकी मारली. "देखने में तो अच्छा है." मग हसले. "इत्ता कायको डरता रे? अप्पा बैठे थे ना पीछू?"

"नाही."

चाचांचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ, मग गेलं. घमेल्यातलं पाणी उगीच हातानं हलवलं. "काम में होंगे," म्हणाले. "बुढ्ढे हो गये ना." मग मला चहा पाजला. पैसे घेतले नाहीत. एरवी ते माझ्याकडूनच चहा पितात.



स्टँडवर हुबळीची गाडी लागलेली होती. खिडकीची जागा मोकळी. उगीच उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, येतोस का? फ.फ. तिथं सोडून जाता येत नव्हतं म्हणून आलो परत.


मंगळवार, ३० एप्रिल

सांगितलं दाजींना. सगळं. बसले नाहीत, मी व्हय म्हणालो ते चुकून, वाकडी खाच, दोरा, चाचा.

दाजी चादरींच्या घड्या घालत होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरगी बघायची न्हाय म्हन की सरळ."

"दाजी, तसं न्हाय."

"आदी म्हनलास एस.टी. मग म्हनलास पोटात दुखतंय. आता टायर." (पोटात खरंच दुखत होतं.) "वेळापूरचं नाव काडलं तवापासनं तुझं चाललंय. त्याच्याआदी दोरा दिसला न्हाय तुला?"

मी म्हणालो, बाळीवेशीजवळ नवं दुकान झालंय, तिथं टायरबरोबर छापील कागद देतात. फुटला तर बदलून. आपण तिथं तरी दाखवू.

दाजींनी घडी खाली ठेवली. "कागद काय मागं बसतो व्हय रं?"

मी ती घडी उचलून गठ्ठ्यावर टाकली.

अक्का चुलीपासून ओरडली, "आवो पर अप्पा बसलं का न्हाईत, येवढं इचारा की."

"इचारायचं नसतंय ते," दाजी म्हणाले. "जेवायला बोलावल्यावर मिठाचं इचारतीस का त्यास्नी, इख हाय का म्हनून?"

अक्का चुलीकडं वळली. पण रात्रीच्या भाकरीला मला दूध जास्त घातलं. तिला पटलंय का कीव आली, दोन्हीतलं एक.

आणि एक गोष्ट इथंच लिहितो. दाजी म्हणतात ते सगळंच खोटं आहे का, मला माहीत नाही. वेळापूरचं नाव ऐकलं की छातीत जे होतं आणि टायरकडं बघितलं की जे होतं, ते एकाच जागी होतं. कुठलं कुठलं ते वेगळं करता येत नाही. पण दोरा मी बघितला.


शनिवार, ४ मे

आज अक्काला दवाखान्यात नेऊन आणलं, तिचा दात. येताना गिरणीच्या भिंतीजवळ फाट्‌कन आवाज. मी ब्रेक दाबला, एक पाय खाली, एका हातानं मागं अक्काचं लुगडं धरलेलं. अक्का किंचाळली. फुटला तो पुढच्या ट्रकचा होता. ट्रक वाकडा होऊन उभा, रबराच्या चिंध्या रस्ताभर. एक चिंधी विजेच्या तारेवर जाऊन लोंबत होती.

ड्रायव्हर खाली उतरून शांतपणे तंबाखू मळत होता. त्याला चार होते मागं. आपल्याला एक.

अक्का गालावर हात धरून म्हणाली, "दत्तू, लुगडं सोड की रं आता."  घराजवळ आल्यावर म्हणाली, "खरंच भ्यालाईस व्हय?"

"व्हय."

"पोरीला का ह्याला?"

"ह्याला."

तिनं टायरकडं बघितलं. तिला त्यातलं काय कळणार. पण चप्पल काढून उभी राहिली होती, देवासमोर राहतात तशी.


मंगळवार, ७ मे

एक गोष्ट सुचली. सुचल्यापासून जेवण जात नाही.

खिळा. मागच्या टायरात मी स्वतः एक खिळा मारायचा. पंक्चर झालं म्हणजे अप्पांकडे न्यावंच लागेल, अप्पा टायर उतरवणार, मी वाकून आतून बघणार. ठिगळ असेल तर तिथंच दिसेल, दाजींनाही दिसेल. विचारलं असंही होणार नाही, इमानही राहील.

दुपारी बाभळीखाली फ.फ. घेऊन गेलो. खिळा हातात. हातोडी नव्हती, दगड घेतला. टोक खाचेवर ठेवलं. मग वाटलं, टायर चांगला असला तर? एवढ्या चादरींचा टायर, तोही आता मिळत नसताना, मी माझ्या हातानं भोसकणार. आणि कापलेला असला तर खिळा मारताना माझ्याच तोंडावर फुटेल.

तेवढ्यात मेंढरांचा कळप आला. सांगोल्याकडचे धनगर, मागं घोड्यावर कोंबड्या आणि एक म्हातारी. म्हातारीनं विचारलं, "काय ठोकतुयास, बाबा?" म्हणालो काही नाही. त्यांच्याबरोबर तळ्यापर्यंत चालत गेलो. त्यांच्याकडे चाक नाही. कुठंही जातात. मी येऊ का म्हणालो, तर म्हातारी म्हणाली, "मेंढरं राकशील? आमचा गेल्या साली एक पळून गेला, तुज्यासारकाच हुता दिसायला."

खिळा खिशातच आहे. मांडीला टोचतो.


गुरुवार, ९ मे

रेल्वेचा संप लागला कालपासून. स्टेशन ओस. सगळी माणसं एस.टी. स्टँडवर. आज बघून आलो, पंढरपूरच्या गाडीला टपावर माणसं, शिडीला माणसं. अक्का हळूच म्हणाली होती की दाजींना मी समजावते, एस.टी. नं जाऊ. आता तेही गेलं. अक्काला त्या गर्दीत कोण घालणार.

वेळापूरहून निरोप आला, रविवारी या, स्वयंपाक केला आहे समजा.

रविवार म्हणजे परवाच्या पुढचा. आता विचारायचं नसतं तरी मी विचारणार आहे. दाजींचं गिऱ्हाईकपण गेलं तर जाऊ दे. मार खाईन.


शुक्रवार, १० मे

विचारलं.

दुकानात पुढं अप्पा एकटेच स्टुलावर. नेहमी मागं टायरांची उतरंड असायची, आज भिंत दिसत होती. दोन सायकलचे टायर आणि दिनदर्शिका. मला बघून म्हणाले, "बा तम्मा, कुंद्रु." (ये पोरा, बस.) दुसरं स्टूल सरकवलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर विचारलं नसतं.

"अप्पा, मागल्या वेळी तुमी बसला न्हाईत."

अप्पांचं पान चघळणं थांबलं. मला वाटलं आता पाणी आणायला सांगतात. पाणी म्हणजे संपलं.

"तुझ्या दाजीनं धाडलं?"

"न्हाय. त्यास्नी म्हाईत न्हाय मी आलोय."

रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाले, आणि आवाज असा की शिवाला आत ऐकू जाऊ नये, "आदी माल कंपनीचा माणूस आणायचा. मी टायर उतरतानाच बघायचो. आता शिवा आणतोय. कुटनं आणतोय ते सांगत न्हाई. चांगलाच असंल. पोरगा माझा हाय."

मी वाकडी खाच दाखवली. अप्पांनी चष्मा पुसला, वाकले, बोट फिरवलं. बोट तिथं थांबलं. माझ्या मनात, आता बोलतील. ते म्हणाले, "नजर ऱ्हायली न्हाई आता."

"दुसरा टायर द्या, अप्पा."

"दुसरा हाय कुटं?" भिंतीकडं हात केला.

शिवा बाहेर आला. "काय रे, काय काम?" मी म्हणालो हवा बघायला आलो होतो. शिवा माझ्याकडं नाही, अप्पांकडं बघत होता. अप्पा उठून उभे राहिले, गुडघ्यावर हात देऊन. म्हणाले, "उद्या सकाळी ये. दाजीला घेऊन ये. मी बसतो." शिवा कानडीत जोरात काहीतरी बोलला. अप्पांनी त्याला एका शब्दात गप्प केलं.

निघालो. हायसं वाटायला पाहिजे होतं.


शनिवार, ११ मे

अप्पा बसले.

दाजी आले होते. काल मी विचारलं हे अप्पांनी त्यांना सांगितलंच नाही. म्हणाले, "त्या दिवशी गडबडीत ऱ्हायलं माझं, सोपान. म्हनून बोलावलं." दाजी लाजले, नाक शिंकरलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "झालं समाधान?" शिवा गल्ल्यावर, पेपरात तोंड. पेपर उलटा नव्हता पण पानही उलटलं नाही त्यानं.

मी किक मारली. अप्पा मागं बसले. टोपी काढून शिवापुढं ठेवली गल्ल्यावर. पहिल्यांदा बघतोय, अप्पा बोडके.

निघालो. बाळीवेस गेली. अप्पा काही बोलले नाहीत. पिंपरण आली, त्यांच्या लग्नाची. काही नाही. विहीर आली. काही नाही. मी आरशात बघायला गेलो तर आरसा कधीच फुटलेला आहे.

मग कळलं, माझा शर्ट मागून आवळतोय. दोन्ही हातांनी धरला होता अप्पांनी. दोन्ही मुठींत. गुडघे माझ्या कमरेला इतके घट्ट की श्वास घेताना लागत होते. आणि पाय पायट्यावर नव्हते. खाली सोडलेले, चपला रस्त्याला घासत होत्या. उतरायची वेळ आली तर लवकर उतरता यावं म्हणून. मिरजेच्या ट्रकवर घाटात ब्रेक गेले होते तेव्हा मी फळीवर तसाच उभा होतो.

नाक्याजवळ खड्डा. "सावकाश, तम्मा," एवढंच. पानाचा वास नव्हता. पान खाल्लंच नव्हतं.

नाक्यावर वळलो. मी म्हणालो, "अप्पा, चालत जाता का परत? मी रिकामी नेतो." त्यांनी ऐकलं. मला माहीत आहे ऐकलं, कारण मुठी जरा सुटल्या. मग पुन्हा आवळल्या. म्हणाले, "दुकानापुढं सोपान उभा हाय. चल."

दुकानापुढं उतरले. सीटवर हात ठेवला. थाप मारली का टेकायला ठेवला, मला कळलं नाही. दोनदा नाही, एकदाच. दाजींना थापच वाटली. दाजी हात जोडून उभे.

अप्पा म्हणाले, "वेळापूर लांब हाय, सोपान. ऊन व्हायच्या आत पोचा. वजन कमी घ्या."

येताना वाटेत मी सांगितलं, दाजी, त्यांनी शर्ट धरला होता, पाय सोडले होते. दाजी म्हणाले, "सत्तरीचा मानूस. धरनारच की. काय सर्कशीतला हाय?" थोड्या वेळानं, "येवढा भ्यालेला मानूस बसला आसता का, सांग की तू. बसला म्हंजे त्याला म्हाईत हाय."

हेच तेव्हापासून फिरतंय डोक्यात. भ्यालेला माणूस बसतो का?

बसतो. मी रोज बसतो.

संध्याकाळी दाजींनी गठ्ठ्यातल्या निम्म्या चादरी काढून ठेवल्या. का ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही.


रविवार, १२ मे, सकाळी

कोंबडा आरवायच्या आधीच सगळे उठले. तोंड धुवून घेतलं. चहा झाला. थोडंच लिहितो.

अक्का माझा शर्ट इस्त्री करायला बसली, तोच कालचा, बरा एवढाच आहे. तांब्यात निखारे घालून तांब्या फिरवत होती. पाठीवर आल्यावर थांबली. "ह्ये काय झालंय रं? कुनी वडलं का काय तुला?" दोन्ही बाजूला मुठीएवढे चुरगळे, चोळामोळा झालेले, मधे घामाचा डाग.

"अप्पांनी धरलं हुतं."

अक्का चुरगळ्याकडं बघत बसली. तांब्या हातात तसाच. मला वाटलं आता बोलते, आता दाजींना हाक मारते. बाहेरून दाजी म्हणाले, "झालं का? उजाडलं की." अक्कानं चुळकाभर पाणी शिंपडलं आणि तांब्या जोरात दाबला. चर्र झालं. दोनदा, तीनदा. गेले चुरगळे. शर्ट कोरा झाला, कुणी कधी धरलाच नव्हता असा.

घातला. पाठ भाजते आहे अजून.

खिशातला खिळा काढून फडताळात ठेवला. मग परत घेतला.

बाहेर दाजी फ.फ. पुसतायत. गठ्ठा बांधला, छोटाच. आणि आत्ता माझ्या कानांनी ऐकलं, त्यांनी सीटवर दोन थापा मारल्या. स्वतःच.

पोरीचं नाव अक्कानं काल सांगितलं. चांगलं आहे. इथं लिहीत नाही.

मी अक्काला म्हणालो, तू मधे बस, माझ्या आणि दाजींच्या मधे. मागं नको. ती म्हणते, "मधी बसून गुदमरू व्हय? मी मागंच बसनार, वारं लागतंय." दाजी म्हणतात बसू दे की. आता दोघं मला हाका मारतायत. ऊन व्हायच्या आत मोहोळ गाठायचंय.